खेळण्यातले भरण (कुत्र्यांचे)

कुत्र्याने चाटून, चावून, लोळवून बाहेर काढावे म्हणून पोकळ रबरी खेळण्यात भरलेले अन्न. शहरी बोलण्यात ‘ट्रीट टॉय’ आणि ‘स्टफिंग’ हेच शब्द रूढ आहेत.

या खेळण्यांचा उगम सामान्यतः अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सांगितला जातो. तेथील जो मार्कहॅम या गृहस्थांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड कुत्रा दगड चावून दात झिजवून घेई. फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना सस्पेन्शनचा एक रबरी भाग त्याच्यापुढे पडला आणि त्याने दगड सोडून तो धरला, अशी हकिगत आहे. ती १९७० च्या दशकातील असावी. अशी खेळणी बनवणाऱ्या त्यांच्या ‘काँग’ कंपनीची स्थापना १९७६ ची मानतात. मात्र अन्नासाठी खटपट करण्याची प्राण्यांची ओढ त्याआधीच अभ्यासली गेली होती. ग्लेन जेन्सन यांच्या १९६३ च्या प्रयोगात उंदीर समोर आयते अन्न असतानाही दांडी दाबून ते मिळवत. पाळीव कुत्र्यांत ही ओढ तितकी ठाम दिसत नाही, म्हणून पहिले भरण सैल आणि सहज सांडणारे ठेवणे योग्य.

नेहमीचे कोरडे खाद्य पाण्यात भिजवून भरणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. त्यात उकडलेला लाल भोपळा, गाजर, बिनमिठाचा मऊ भात, हाड काढलेली उकडलेली कोंबडी किंवा पचत असेल तर साधे दही मिसळता येते. भरलेले खेळणे तोंड वर करून वाटीत उभे ठेवावे आणि गोठवावे. मग कुत्रा ते पुढच्या दोन पंजांत धरून बराच वेळ चाटत बसतो. खेळण्याला दोन्ही टोकांस छिद्र हवे. एकच छिद्र असले तर आत निर्वात होऊन जीभ अडकू शकते.

अशा वरकड खाण्यातून दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत, असा संकेत आहे. १० किलोच्या कुत्र्याची गरज ६०० किलोकॅलरींच्या आसपास धरली, तर वाट्याला ६० येतात. मोठा चमचाभर पीनट बटरमध्येच सुमारे ९५ असतात. पीनट बटरच्या बाबतीत मोठा धोका झायलिटॉलचा. साखरेऐवजी घातल्या जाणाऱ्या या गोड पदार्थाने कुत्र्यात इन्सुलिन एकदम वाढून रक्तशर्करा कोसळते, जास्त मात्रेत यकृतही निकामी होते. वेष्टनावर तो ‘बर्च शुगर’ किंवा ९६७ या क्रमांकानेही येतो. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने हा दोष जात नाही, म्हणून आमटी-भात भरू नये. चॉकलेट आणि शिजवलेली हाडेही वर्ज्य.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००१ च्या सुमारास पशुवैद्यकांच्या ध्यानात आले. कारण मात्र दीर्घकाळ वादात राहिले. बुरशीचे विष, कीटकनाशके, टॅनिन असे तर्क झाले. पण एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा थोडक्यात दगावतो, याचा उलगडा त्यांतून होत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. घरी बनवलेली मुलांची खेळमाती (प्ले-डो) खाल्लेल्या कुत्र्यातही तशीच लक्षणे दिसली आणि त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लाचा क्षार होता. या आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलते, त्यामुळे सध्या हेच मत अधिक पटण्याजोगे आहे. ते स्वीकारले तर मराठी स्वयंपाकघराचा एक पदार्थ थेट कक्षेत येतो : चिंच. तिच्या गरात हे आम्ल साधारण ८ ते १८ टक्के, म्हणजे द्राक्षापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांत मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदीही पुढे आल्या आहेत. इंग्रजीतून उतरवलेल्या याद्यांत द्राक्षे ठळक असतात, चिंच क्वचितच. आपल्याकडच्या यादीत ती वरच हवी. चिंचगुळाच्या आमटीत कालवलेली भाकरी किंवा बेदाणे घातलेला शिरा खेळण्यात भरणे म्हणूनच धोक्याचे.

सुरक्षित मात्रा ठरवता आलेली नाही. बेदाणे किंवा चिंच पोटात गेल्याचे कळताच उलटी वा मरगळ दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. घरी मीठपाणी पाजून उलटी करवू नये. त्या मिठानेही कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.