विज्ञानकथाकार आणि कवितेचा वर्ग : एका जुन्या जोडीची पार्श्वभूमी

विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहिणारी व्यक्ती नोकरी म्हणून कविता शिकवते असे कळले, की ऐकणाऱ्याला सहसा नवल वाटते. अंतराळयाने आणि पर्यायी इतिहास यांचा वृत्त, प्रतिमा आणि फळा यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न त्यामागे असतो. प्रत्यक्षात गेल्या शतकभरात ही जोडी इतक्या वेळा जमली आहे की तिला योगायोग म्हणणे कठीण आहे. तिच्या मुळाशी थोडे पैशाचे गणित आहे. पण त्याहून अधिक आहे तो लेखन शिकवण्याच्या दोन वेगळ्या रीतींचा इतिहास.

गणित आधी पाहू. या प्रकारच्या कथा अमेरिकेत स्वस्त कागदावरच्या मासिकांतून वाढल्या. १९२३ मध्ये सुरू झालेल्या ‘विअर्ड टेल्स’मध्ये भयकथांच्या सोबतीने कविताही छापल्या जात, आणि क्लार्क ॲश्टन स्मिथ तर कवी म्हणून नाव मिळवल्यानंतर कथांकडे वळला. या व्यवसायात मानधन शब्दांवर मोजले जाते, आणि हा हिशेब कवितेला मारक आहे. अमेरिकेतील विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने २०१९ पासून व्यावसायिक दर शब्दाला किमान ८ सेंट मानला. त्या दराने ५,००० शब्दांच्या कथेचे ४०० डॉलर होतात. शंभर शब्दांच्या कवितेला तोच दर लावला तर हाती ८ डॉलर येतील. कवितेवर कोणाचेच घर चालत नाही, कथेवरही फार थोड्यांचे चालते, तेव्हा शिकवणे ओघानेच येते.

ही सोय विद्यापीठांनी करून दिली. आयोवा विद्यापीठातील लेखन कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली आणि पुढे पॉल एंगल या कवीच्या हाती तिचा कारभार दीर्घकाळ राहिला. व्हिएतनाम युद्धातून परतलेला जो हाल्डमन तिथेच शिकला आणि नंतर जवळपास तीन दशके मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लेखन शिकवत राहिला. कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या या लेखकाला विज्ञानकवितेचे पुरस्कारही मिळाले आहेत.

विज्ञानकथाकारांनी मात्र आपली वेगळी शाळा काढली. डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांनी १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मिलफर्ड येथे लेखकांची बैठक भरवली आणि त्याच धर्तीवर रॉबिन स्कॉट विल्सन यांनी १९६८ मध्ये क्लॅरियन कार्यशाळा सुरू केली. तिथली पद्धत ठरलेली : लिहून झालेली कथा सगळ्यांनी वाचायची, वर्तुळात बसून एकेकाने मत द्यायचे आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचे नाही. कथेतील भेगा शोधायला ही रीत उत्तम आहे, पण ती सुरू होते कथा लिहून झाल्यावर. कोऱ्या कागदापुढे बसलेल्याला ती फारशी मदत करत नाही.

ही उणीव कवितेच्या वर्गाने भरून काढली. क्लॅरियन सुरू झाली त्याच वर्षी केनेथ कॉक हा कवी मॅनहॅटनमधील ‘पी. एस. ६१’ या सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता शिकवू लागला. त्याच्या पहिल्या खेळाचा नियम असा होता की प्रत्येक मुलाने एकच ओळ लिहायची. ती इच्छा व्यक्त करणारी असावी आणि तिच्यात एक रंग, एक चित्रकथेतले पात्र आणि एक शहर किंवा देश यायलाच हवा. यमकाची सक्ती नव्हती. ‘पूर्वी मी असा होतो, पण आता असा आहे’ हाही त्याचाच एक साचा. त्यातून रूपांतराच्या छोट्या छोट्या अद्भुतकथाच तयार होत. इटलीत जान्नी रोदारी या बालसाहित्यकाराने याच सुमारास असेच काहीतरी केले, आणि माझ्या मते अधिक धारदारपणे. फळ्याच्या एका बाजूला एका मुलाने शब्द लिहायचा, मागच्या बाजूला दुसऱ्याने, आणि मग दोन्ही एकत्र वाचायचे. ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ हे शब्द आले, तर कपाटासह कुत्रा, कुत्र्याचे कपाट, कपाटावरचा कुत्रा, कपाटातला कुत्रा अशी रूपे करून पाहायची आणि ज्यातून गोष्ट हलायला लागेल ते धरायचे. रेज्जो एमिलिया येथे १९७२ मध्ये शिक्षकांपुढे त्याने हे मांडले आणि पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक केले. ‘असे झाले तर काय होईल’ हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न येथे कवितेच्या वर्गात गृहपाठासारखा दिला जात होता.

दोन्ही प्रवाह एका आयुष्यात पुरते मिसळलेले पाहायचे, तर सुझेट हेडन एल्जिन यांच्याकडे पाहावे लागते. त्या भाषाशास्त्रज्ञ होत्या, सॅन डिएगो येथे विद्यापीठात शिकवत आणि विज्ञानकथा लिहायला लागल्या त्या उच्च शिक्षणाची फी भागवण्यासाठी. १९६९ मधील त्यांच्या पहिल्याच प्रकाशित कथेत कविता हा परीक्षेने मिळणारा पेशा आहे : त्या जगातल्या बारा वर्षांच्या मुलीला कवी व्हायचे आहे, आणि परीक्षेत नापास झालेल्या स्त्रीला आयुष्यभर एकांतवास भोगावा लागतो. कवितेकडे शिक्षण आणि सत्ता या दोन्ही अंगांनी पाहणाऱ्या व्यक्तीलाच अशी कल्पना सुचू शकते. पुढे १९८२ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या अनुभवांसाठी ‘लाआदन’ ही भाषा रचायला घेतली. त्याआधी, १९७८ मध्ये, त्यांनी विज्ञानकवितेची संघटना स्थापन केली आणि रायस्लिंग पुरस्कार सुरू केला. रायस्लिंग हे रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४७ मधील कथेतल्या आंधळ्या अंतराळकवीचे नाव आहे. लघुकविता आणि दीर्घकविता यांना वेगळे पुरस्कार असत आणि सीमा धरली होती पन्नास ओळींची. विज्ञानकविता कशी लिहावी याची मार्गदर्शिकाही त्यांनी लिहिली. शिक्षिकेचा स्वभाव जात नाही.

हे सगळे कथेच्या कडेकडेने चालले असे वाटू शकते, पण गद्यावर त्याचा परिणाम खोल आहे. अनोळखी जगाचे नियम वाचकाला समजावून सांगत बसलेली कथा कंटाळवाणी होते. एका विशेषणात, एका क्रियापदात ते जग उभे करावे लागते. विज्ञानकथाकार उर्सुला ल ग्विन यांची कविता कथेच्या आधी, १९५९ मध्ये छापली गेली आणि अखेरचा कवितासंग्रह २०१८ मध्ये त्यांच्या निधनानंतर आला. त्यांच्या कादंबऱ्यांतली वाक्ये मोठ्याने वाचावीत अशी आहेत, त्याचे कारण या सवयीत शोधावे लागते. स्वीडनच्या हॅरी मार्टिनसनने तर १९५६ मध्ये भरकटलेल्या अंतराळयानाची अख्खी कहाणी १०३ सर्गांच्या काव्यात सांगितली, आणि १९७४ चे नोबेल त्याला विभागून मिळाले.

लेखकांच्या स्वतःच्या गोटात मान्यता मिळायला मात्र उशीर लागला. विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारांत कवितेसाठी खास पारितोषिक दिले गेले ते २०२५ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात, आणि लेखक-संघटनेच्या नेब्युला पुरस्कारांमध्येही आता कवितेचा स्वतंत्र विभाग आला आहे. मानधनाचे गणित त्याने बदललेले नाही, त्यामुळे हे पुरस्कार घेणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्या सत्रातही वर्गावर जाणारच.