काळा पडलेला अर्क, नितळ झालेले पाणी

पानांच्या अर्कातून तयार केलेल्या नॅनोकणांनी रंगाचे सांडपाणी शुद्ध करायचे, या विषयाची मुळे दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. एक रंगात, दुसरे धातूत. योगायोग असा की दोन्ही लंडनमध्ये, एका वर्षाच्या अंतराने रुजली. १८५६ मध्ये क्विनीन करायला निघालेल्या अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या हाती जांभळा कृत्रिम रंग लागला. १८५७ मध्ये तिथल्याच एका नामवंत शास्त्रज्ञाने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्याला लाल रंग देतात, हे दाखवले. पुढची शंभरेक वर्षे या दोन वाटांचा एकमेकांशी फारसा संबंध आला नाही.

रंगांचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो, कारण त्याची दिशा एकच होती: धुऊन, घासून, उन्हात टाकूनही न जाणारा रंग. १८८०च्या दशकात काँगो रेड हा लाल रंग आला, १९५६ मध्ये सुती धाग्याशी थेट रासायनिक बंध करणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. त्यांची गोची अशी की काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच प्रक्रिया करून मोकळा होतो. तो कापडावर चढत नाही आणि जिवाणूंच्या टाकीत सहजी कुजतही नाही. गडद छटांसाठी लिटरमागे ४० ते १०० ग्रॅम मीठ लागते, तेही त्याच पाण्यात उतरते. तुरटी-चुना टाकला की रंग गाळात जातो, कार्बन वापरला की कार्बनमध्ये. त्याचा नाश झालेला नसतो, त्याने फक्त जागा बदललेली असते.

वनस्पतींची गोष्ट खऱ्या अर्थाने या शतकातली. १९९९ मध्ये चांदीचे कण साठवणाऱ्या जिवाणूचे काम गाजले, मग बुरशीची पाळी आली. २००२ मध्ये जिवंत अल्फाल्फाच्या रोपांत सोन्याचे कण सापडले. त्यानंतर लगेच पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने रोप, जिवाणू, बुरशी सगळे बाजूला ठेवून नुसता पानांचा अर्क घेतला. २००३ मध्ये जिरॅनियम, २००४ मध्ये कडुनिंब आणि गवती चहा. जिवाणू वाढवत बसायची गरजच संपली. पाने धुवायची, ऊर्ध्वपातित पाण्यात उकळायची, गाळायची आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे पातळ द्रावण घालायचे. फिकट द्रव आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्रावर ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर उमटते, म्हणजे चांदीचे नॅनोकण तयार झाले. इतकी सोपी कृती कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी होती आणि ती जमलीही. नवी वनस्पती, नवा शोधनिबंध, असा सपाटा सुरू झाला. त्यातला बराचसा भाग पाककृतींच्या वहीपलीकडे जात नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

सांडपाण्यात चांदी ओतणे कोणालाच परवडणारे नव्हते. स्वस्त धातू म्हणजे लोखंड. १९९० च्या दशकात भूजल शुद्धीकरणासाठी शून्य संयुजेच्या, म्हणजे धातुरूप लोखंडाचे नॅनोकण पुढे आले होते, पण ते करायला सोडियम बोरोहायड्राइडसारखे महागडे आणि त्रासदायक रसायन लागे. २००९ मध्ये त्याऐवजी ग्रीन टीचा अर्क वापरल्याचे काम प्रसिद्ध झाले. लोखंडाच्या क्षारात चहा घातल्याबरोबर द्रावण काळे पडते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की रंगद्रव्य झपाट्याने उडते. निष्कर्ष असा निघाला की चहाने धातुरूप लोखंड तयार केले.

या एका निष्कर्षावर पुढे ढीगभर लेखन उभे राहिले, आणि तो पायाच कच्चा होता. चांदीच्या आयनाचे क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन धातू होण्याच्या ओढीचे माप, +०.८० व्होल्ट आहे. त्याला इलेक्ट्रॉन द्यायला पानातली पॉलिफिनॉले, म्हणजे तुरट चवीची सेंद्रिय द्रव्ये, सहज पुरतात. लोखंडाच्या द्विसंयुजी आयनाचे ते −०.४४ व्होल्ट. तिथे साध्या अर्काचा जोर पोहोचण्याचे कारण नाही. शिवाय टॅनिन (पॉलिफिनॉलांचाच एक प्रकार) आणि लोखंडाचा क्षार एकत्र आले की काळा रंग येतो, ही काही नवी बातमी नव्हे. मायफळ आणि हिराकस (लोखंडाचे सल्फेट) यांची शाई शतकानुशतके याच तत्त्वावर चालली. स्फटिकाची ओळख पटवणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाच्या चाचणीत धातुरूप लोखंडाचे ४४.७ अंशांजवळचे शिखर दिसत नसे, तेव्हा ‘कण अस्फटिकी आहेत’ असे म्हणून वेळ मारून नेली जाई. २०१४ मध्ये एका गटाने चहाचे हे कण नीट तपासले, तेव्हा ते लोखंड-पॉलिफिनॉल संयुगांचे निघाले. वर जलचरांवर त्यांचा विषारी परिणामही दिसला.

मग रंग उडतो तो कशाने? बहुतेक वेळा लोखंडाचे आयन आणि पेरॉक्साइड यांच्यातल्या, १८९४ पासून माहीत असलेल्या प्रक्रियेने. पॉलिफिनॉले लोखंडाला द्रावणात धरून ठेवतात आणि त्रिसंयुजी लोखंडाचे पुन्हा द्विसंयुजी करतात. म्हणजे वनस्पती उपयोगी आहे, फक्त सांगितले गेले त्या कामासाठी नाही. शेजारच्या बीकरमध्ये नुसते हिराकस आणि पेरॉक्साइड घालून तुलना केली असती तर हे लवकर उघडे पडले असते. ती तुलना अनेक निबंधांत नाही. जुन्या दाव्यांचे संदर्भ मात्र अजून बिनदिक्कत दिले जातात.

डोळ्यांवर विसंबण्याची दुसरी खोड पाण्याच्या बाजूची. आवडता नमुना मेथिलीन ब्लू हा निळा रंग: स्वस्त, गडद, ६६४ नॅनोमीटरवर मोजायला सोपा. चांदीचे कण आणि बोरोहायड्राइड घातले की तो काही मिनिटांत रंगहीन होतो, पण त्याचा रेणू तुटलेला नसतो, नुसता क्षपित झालेला, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन रूपात गेलेला असतो. हवेचा ऑक्सिजन मिळाला की निळा परत येऊ शकतो. ॲझो रंगांचे, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधावर रंग अवलंबून असलेल्यांचे, प्रकरण अधिक गंभीर आहे. तो बंध तुटला की रंग जातो आणि ॲरोमॅटिक अमाइने उरतात. काँगो रेडमधून कर्करोगकारक बेंझिडीन मिळते. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांचे मूत्राशयाचे कर्करोग १८९५ मध्येच एका जर्मन शल्यविशारदाने नोंदवले होते, आणि अशी अमाइने सोडणाऱ्या रंगांवर जर्मनीत १९९४ मध्ये बंदी आली. तरीही ‘९५ टक्के विरंजन’ हा आकडा शुद्धीकरणाचा म्हणून छापला जात राहिला.

प्रकाशाच्या साहाय्याने रंग तोडणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या कणांच्या शाखेत वेगळीच गंमत. तिथे अर्क मिसळलेला क्षार बहुधा ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात पानाचा अंश जळून जातो, आणि भट्टीच्या विजेचा हिशेब ‘हरित’ या विशेषणात धरला जात नाही.

अलीकडच्या बऱ्या कामांत रंगाबरोबर सीओडी (पाण्यातल्या घाणीच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) आणि एकूण सेंद्रिय कार्बनही मोजतात, कणांतून किती धातू पाण्यात सुटला ते पाहतात आणि मीठ, कार्बोनेट, खळ असलेल्या पाण्यावर चाचणी घेतात. अर्कातली साखर आणि फिनॉले पाण्यातच राहिली तर रंग जाऊनही सीओडी चढू शकतो. त्यामुळे कण आधी धुऊन घेण्यावर आणि मोकळे न सोडता अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या चिकट द्रव्याच्या) मण्यांवर, चिकणमातीवर किंवा बायोचारवर (जैवकोळशावर) बसवून कॉलममध्ये भरण्यावर आता भर आहे.