घरगुती लिफ्ट, लायसन आणि मधली फट

सांगलीत माझ्या आत्यानं गेल्या वर्षी बंगल्यात लिफ्ट बसवून घेतली. गुडघे गेलेले, देवघर वरच्या मजल्यावर, आणि देव खाली आणायला ती तयार नाही. जिन्याशेजारची कोठीची खोली आणि तिच्या डोक्यावरची मोरी पाडून शाफ्ट काढला, तीन माणसांची केबिन आली. लिफ्ट लावणाऱ्याला मी विचारलं, याचं लायसन कोण काढणार? तो हसला. "साहेब, ही काय सोसायटी आहे का? घरगुतीला कसलं आलंय लायसन!" आत्यानंही त्याचीच री ओढली. "अरे, फ्रिज घेतला तेव्हा लायसन काढलं होतं का आपण?"

फ्रिज आणि लिफ्ट यांतला फरक मुंबई प्रांताच्या कायदेमंडळानं १९३९ सालीच कागदावर आणला होता. त्या वर्षीचा दहावा अधिनियम म्हणजे बॉम्बे लिफ्ट्स अॅक्ट.

लिफ्ट मुंबईला तेव्हा नवी नव्हती. काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात एकोणिसाव्या शतकातच वाफेवर चालणारी लिफ्ट होती, देशातली पहिली, असं सांगतात. पण हॉटेलातली लिफ्ट पाहुण्यांपुरती. गिरणगावातल्या चाळीला लाकडी जिना, आणि तोही उंदरांसोबत वाटून घ्यायचा. चित्र बदललं ते १९३० च्या दशकात. बॅकबेचा भराव झाला, मरीन ड्राइव्हला आणि ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीटचे पाच-पाच मजले, स्वतंत्र फ्लॅट, गोलाकार बाल्कन्या, आणि आत जाळीच्या दाराची लिफ्ट. आता लिफ्ट रोजच्या जाण्यायेण्याची झाली. पोरंसोरं, म्हातारी माणसं, दूधवाला, सगळे तिच्यात.

कायद्यानं व्याख्या मोठ्या शहाणपणानं केली. इमारत केवढी, बिऱ्हाडं किती, भाडं येतं की नाही, यातलं काहीच तिनं विचारलं नाही. पाहिलं ते फक्त यंत्राकडे : केबिन असलेली, साधारण उभ्या रेषेत वरखाली होणारी, यांत्रिक शक्तीवर चालणारी, माणसं किंवा माल वाहायला केलेली यंत्रणा म्हणजे लिफ्ट. माणसाच्या किंवा जनावराच्या बळावर चालणारं यातून बाहेर. म्हणजे विहिरीवरचा रहाट सुटला. आत्याची केबिन सुटत नाही.

टप्पे दोन. आधी लिफ्ट बसवायची परवानगी, आणि बसल्यावर तपासणी होऊन चालवायचं लायसन. इन्स्पेक्टरला आत येऊन पाहायचा अधिकार. अपघात झाला तर मालकानं कळवायचं, आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत लिफ्ट बंद ठेवायची. सांगाडा आजही साधारण हाच आहे. तो चांगला होता म्हणून इतरांनीही उचलला. दिल्लीनं तर मुंबईचाच कायदा आपल्याकडे लागू करून घेतला आणि १९४२ मध्ये त्याखाली नियम केले. पश्चिम बंगालनं १९५५ मध्ये, कर्नाटकानं १९७४ मध्ये आपापले कायदे केले. १९६० नंतर वेगळा झालेला गुजरात चाळीस वर्षं मुंबईच्याच कायद्यावर चालला आणि २००० साली त्यानं स्वतःचा केला. लिफ्टचा कायदा राज्यागणिक वेगळा, आणि कित्येक राज्यांत तो फार उशिरा आला. नोएडासारखं मनोऱ्यांचं शहर पोटात असलेल्या उत्तर प्रदेशाला त्यासाठी २०२४ उजाडावं लागलं.

मुंबईत १९५८ साली सविस्तर नियम आले. जुन्या लिफ्टमधल्या पितळी किंवा पत्र्याच्या पाट्या आठवून पाहा : ४ माणसे, २७२ किलो. ६ माणसे, ४०८ किलो. माणशी ६८ किलोचा हा हिशेब भारतीय मानकाचा. आपल्यापैकी किती जण त्या ६८ मध्ये बसतात ते सोडा. त्याच पाटीच्या आसपास लायसन नंबर रंगवलेला किंवा चिकटवलेला असायचा. लहानपणी दादरला मामाकडे गेलो की स्टुलावर बसलेल्या लिफ्टमनच्या डोक्यावरचा तो नंबर मी पाठ करायचो. बटण दाबायला मिळायचं नाही, मग दुसरं करणार काय?

आता या कायद्याचा न लिहिलेला भाग. १९३९ च्या मुंबईत इमारतीचा मालक एक आणि लिफ्टमध्ये चढणारे भाडेकरू वेगळे. मालकाला खर्च वाचवायचा, भाडेकरूंना जीव वाचवायचा, आणि मध्ये सरकारी इन्स्पेक्टर. पुढे सोसायट्या आल्या, मालक म्हणजे कमिटी झाली, तरी भांडायला सभासद होतेच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की त्याच महिन्याच्या सभेत सेक्रेटरीला धारेवर धरलं जातं. एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचं कंत्राट, कुणाला दिली, दोर शेवटचे कधी बदलले, सगळं निघतं. नव्या इमारतीला आणखी एक लगाम असतो : लिफ्टचे कागद नसतील तर भोगवटा प्रमाणपत्र अडतं, आणि बिल्डरला ते हवंच असतं. तपासणीची यंत्रणा कायद्याच्या कलमांवर जितकी चालते तितकीच या दुसऱ्या पक्षावरही चालते.

बंगल्यात तो दुसरा पक्षच नाही. मालक आत्या, चढणारी आत्या, तक्रार करायची तर तीही आत्यानं, आत्याविरुद्ध. बंगल्याचा पूर्णत्वाचा दाखला वीस वर्षांपूर्वीच कपाटात गेलेला, त्यामुळे नव्या शाफ्टपायी काहीच अडत नाही. लाइट आहे, लिफ्ट चालू. घरगुती लिफ्टला कुणी सूट दिली असं नाही. ती कुणाच्या नजरेच्या टप्प्यात आली नाही, एवढंच.

अशा लिफ्टा मुळात होत्याच थोड्या. दोरांची लिफ्ट म्हटलं की वर मशीन रूम, खाली खोल खड्डा, शाफ्टमध्ये काउंटरवेट, एवढा पसारा बंगल्याला परवडत नसे. मग हायड्रॉलिक आल्या, मशीन रूम नसलेल्या आल्या, स्क्रूवर चढणाऱ्या आल्या, हवेच्या दाबावर पारदर्शक नळीतून वर जाणाऱ्याही आल्या. भारतीय मानक ब्यूरोनं २००२ मध्ये घरगुती लिफ्ट बसवण्यासाठी आणि तिच्या देखभालीसाठी वेगळी संहिता काढली, आयएस १५२५९. म्हणजे घरगुती लिफ्ट ही वेगळी जात आहे हे तज्ज्ञांनी केव्हाच मान्य केलं होतं. पण संहिता म्हणजे कसं बसवावं याचं पुस्तक. बसवलेलं कोण पाहणार, याचं उत्तर पुस्तकात नसतं.

यात युरोपातून आलेल्या मालाचा एक गमतीदार पेच आहे. युरोपीय संघाचा लिफ्टविषयीचा निर्देश सेकंदाला ०.१५ मीटरपेक्षा जास्त वेगानं जाणाऱ्या यंत्रणांना लागू होतो. त्याहून हळू चालणारं यंत्र तिकडे कायद्याच्या लेखी लिफ्ट नसतंच, ते 'मशिनरी'त मोडतं आणि त्याचे नियम निराळे. म्हणून घरगुती मॉडेलं मुद्दाम त्या वेगावर आणून ठेवलेली असतात. इकडचा विक्रेता शिक्का दाखवतो, "युरोपात पास आहे बघा." पास आहे, खरंय. पण आपल्याकडच्या १९३९ च्या व्याख्येला वेगाशी देणंघेणं नव्हतं. मुंगीच्या चालीनं गेली तरी लिफ्ट ती लिफ्टच.

१९३९ चा कायदा निवृत्त झाला तो २०१७ च्या नव्या अधिनियमानं. त्यात लिफ्टसोबत सरकते जिने आणि विमानतळावर असतात तसे सरकते पट्टेही आले. मधल्या काळात मॉल आणि मेट्रो झाल्या होत्या, जुन्या कायद्याला त्यांची नावंही ठाऊक नव्हती. सरकारी मराठीत लिफ्ट म्हणजे उद्वाहन. संस्कृतात उद्वाह म्हणजे लग्न, त्यामुळे 'उद्वाहन निरीक्षक' वाचलं की मला वधूवरसूचक मंडळ आठवतं. तर हे निरीक्षणाचं काम पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असायचं, आता ते ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षकांकडे आहे. नव्या कायद्यानं तिसऱ्या पक्षाचा विमाही आणला. बंगल्यात तिसरा पक्ष कोण? धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस. दिवाळीत येणारी नातवंडं.

नातवंडांपाशी जरा थांबायला हवं, कारण घरगुती लिफ्टचा सगळ्यात वाईट अपघात त्यांचाच होतो, आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं. मजल्यावरचं बाहेरचं दार लावलेलं, केबिनची आतली जाळी लावलेली, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत मूल. दोन्ही दारांचे स्विच जुळलेले असतात, म्हणजे यंत्राच्या मते सगळं ठीक आहे. कुणीतरी दुसऱ्या मजल्यावर बटण दाबतं, आणि लिफ्ट निघते. नोव्हेंबर २०२० मध्ये धारावीत एका इमारतीत पाच वर्षांच्या मुलाचा जीव असाच गेला, बाहेरचं दार आणि आतली जाळी यांच्यामध्ये सापडून.

अमेरिकेत हाच प्रश्न बंगल्यांतून वर आला. तिथली लिफ्टची सुरक्षा संहिता १९२१ पासूनची, पण खासगी घरातली लिफ्ट एकदा बसली की बहुतेक ठिकाणी पुन्हा कुणी सरकारी माणूस फिरकत नाही. घराच्या शोभेसाठी बाहेरून साधं लाकडी दार, भिंतीच्या बाहेरच्या कडेला. म्हणजे भिंत जेवढी जाड तेवढी फट. संहितेला दोन दारांत ५ इंच चालत होते, आणि ५ इंचांत लहान मूल मावतं. २०१६ च्या आवृत्तीनं ते ४ वर आणले, पण आधी बसलेल्या लिफ्टा जागच्या जागीच राहिल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात समुद्रकाठच्या भाड्याच्या सुट्टीघरात सात वर्षांचा मुलगा गेला. पुढच्याच वर्षी त्या राज्यानं अशा भाड्याच्या घरांतल्या लिफ्टची फट ४ इंचांच्या आत आणायचा कायदा केला. पाहा, तिथंही कायदा आधी शिरला तो जिथं मालक आणि राहणारा वेगवेगळे आहेत अशा घरात.

हे वाचल्यावर मी सांगलीला गेलो तेव्हा सोबत मेजरटेप नेली. आत्याच्या लिफ्टचं बाहेरचं दार सागवानी, घरातल्या बाकीच्या दारांना जुळणारं. भिंत नऊ इंची. दार बंद केल्यावर जाळीपर्यंत किती उरतं ते मोजायचं तर आतून मोजायला हवं, म्हणून केबिनमध्ये उभं राहून जाळीतून टेप सरकवली. साडेसहा इंच. आत्याला आकडा सांगितला, तिच्या चेहऱ्यावर काही नाही. मग तिची तांदळाची छोटी कोठी आणून त्या फटीत ठेवली आणि दोन्ही दारं लावून दाखवली. ती आरामात बसली. आत्या काही बोलली नाही, आत जाऊन फोन घेऊन आली.

लिफ्टवाल्यानं आधी "कंपनीचं डिझाइनच तसं आहे" वगैरे केलं. शेवटी दाराच्या आतल्या अंगाला प्लायचा पोकळ खोका ठोकला, तेव्हा फट अडीच इंचांवर आली. विद्युत निरीक्षकांकडे अर्ज करायला कोणकोणते कागद लागतात ते विचारल्यावर तो म्हणाला, "हे इथं कुणी कधी मागितलंच नव्हतं." अर्ज मीच भरला. मालकाच्या रकान्यात आत्यानं सही केली आणि विचारलं, "तपासायला माणूस येणार म्हणजे चहा ठेवायचा का नाही?" दार मात्र तिला अजून आवडलेलं नाही. बाहेरून सागवानी, आतून पोट सुटल्यासारखं दिसतं म्हणते.