लहान मुलांनी लिहिलेली कृती तपासू नका, करून बघा

दुसरीतल्या मुलांना "लिंबू सरबत कसं करायचं ते लिहा" म्हटलं की बहुतेक वह्यांमध्ये असंच काहीतरी येतं, लिंबू पिळा, साखर टाका, हलवा, प्या. पाण्याचा पत्ताच नाही. मग आपण लाल पेन काढतो आणि "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणून मोकळे होतो, पण खरं सांगायचं तर इथे लक्षाचा फारसा संबंधच नाहीये. पाणी मुलाच्या डोक्यात पक्कं आहे, ते वाचणाऱ्याच्याही डोक्यात असणारच असं त्याने धरून चाललेलं असतं.

पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२३ च्या पुस्तकात हेच दाखवलं होतं. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना नळ कसा चालतो ते आधी समजावलं, मग त्यांना ते दुसऱ्या मुलाला सांगायला लावलं, तर सांगणाऱ्याच्या बोलण्यात नुसतं हे, ते, इथे, तिथे, ऐकणाऱ्याला अर्धंच कळलं. पण या वयात मुलांना ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही, हे पियाजेचं म्हणणं जरा जास्तच ताणलेलं होतं असं मला वाटतं. १९७३ मध्ये शॅट्झ आणि गेलमन या संशोधकांनी दाखवलं की चार वर्षांची मुलंसुद्धा दोन वर्षांच्या बाळाशी बोलताना आपोआप छोटी, सोपी वाक्यं वापरतात. म्हणजे समोर कोणी असलं की मुलांना जमतं. कागदावर समोर कोणीच नसतं, खरी अडचण ती आहे.

म्हणून कळव्याच्या एका मराठी शाळेत बाई जे करतात ते मला फार पटतं. टेबलावर पेपर पसरून त्यावर जग, ग्लास, चमचा, साखरेचा डबा, आणि मुलांनी लिहिलंय तेवढंच करायचं. लिंबू पिळा? बाईंनी अख्खं लिंबू मुठीत धरून दाबलं, थेंब नाही आला. साखर टाका? टाकली, पेपरवर. वर्ग ओरडतोय "बाई कापा ना आधी, ग्लासात टाका ना", बाई शांतपणे विचारतात, कुठे लिहिलंय? एक मुलगा तर म्हणाला, बाई तुम्हाला सरबत येत नाही का?

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही बरं का. एलिझाबेथ आणि पीटर रॉबिन्सन या संशोधकांनी १९७० च्या दशकात हेच बघितलं, सूचना अर्धवट असली तरी पाच-सहा वर्षांची मुलं दोष ऐकणाऱ्याला देतात, सूचनेत खोट असू शकते हे त्यांना सुचतच नाही. आणि "नीट सांग" म्हणण्यापेक्षा नेमकं काय कळलं नाही ते सांगितलं, की "इथे चार चित्रं आहेत, तू कुठलं म्हणतोयस", तर मुलं लवकर सुधारतात.

अजून एक, या वयात जोडाक्षर आणि वेलांटी आठवण्यातच मुलाची निम्मी ताकद जाते, क्रम सांभाळायला उरतंच काय. तर आधी तोंडी सांगू द्या, मग पायऱ्यांची चित्रं काढू द्या, लिहिणं सगळ्यात शेवटी. आणि पहिल्यांदा एकट्याची वही घेऊ नका, गटाने मिळून लिहिलेली घ्या, नाहीतर ज्याची वही त्याच्यावर सगळे हसतात आणि ते मूल पुढच्या वेळी लिहायलाच बसत नाही. विषय असा निवडा की चूक डोळ्यांना दिसेल, कागदाची होडी, बुटाची नाडी, वर्गातून पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता. "चांगला मित्र कसा व्हावा" असले विषय या वयात नकोच, ते वाचून कोणी करून दाखवू शकत नाही.