देवाशी भांडण आणि विश्वास सुटणं, दोन्ही एक नव्हेत

घरातलं माणूस गेलं, नोकरी गेली, रिपोर्ट वाईट आला की माणूस देवाला वाट्टेल ते बोलतो. मग सातव्या दिवसाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, जमलेले नातेवाईक हळूच म्हणतात, बघ गं, हिचा विश्वासच उडाला. मडगावात आमच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांमध्ये हे नेहमीचंच आहे आणि मला ते अजिबात पटत नाही.

भांडणारा माणूस अजून देवाशीच बोलत असतो ना. "तू कुठे होतास?" असं विचारतो म्हणजे ऐकणारा कोणीतरी आहे हे धरूनच चाललाय. ज्याचा खरंच सुटलाय तो बऱ्याचदा चिडलेला नसतोच, रविवारी चर्चला येतो, कॉयरमध्ये गातो, नाताळला नेवऱ्या पण वाटतो, फक्त देवाकडे काही मागत नाही की काही विचारत नाही. लांबून बघणाऱ्याला हाच जास्त भाविक वाटणार, कमाल आहे.

बायबल उघडलं तर तक्रारी जागोजागी आहेत. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र वाचा. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं रडून झाल्यावर शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं, तरी सगळं बोलणं देवालाच उद्देशून आहे. येशूने क्रुसावर जे म्हटलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ती २२व्या स्तोत्राची सुरुवात. आणि काही चूक नसताना सगळं गमावलेला बायबलमधला ईयोब! त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि सुरू, तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच कोणाला शिक्षा करत नाही वगैरे. शेवटी देव रागावतो तो या उपदेश करणाऱ्या मित्रांवर, आणि म्हणतो की माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही. आपली जनाबाई विठोबाला शिव्या घालते तेव्हा तिला कोणी नास्तिक म्हणतं का?

आता काही लोकांना राग पण येत नाही, प्रार्थनेला बसलं तरी आत नुसतं कोरडं. हेही लगेच विश्वास सुटल्यात जमा करू नका. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, आणि काम चालूच होतं. गुड फ्रायडेला आपल्याकडे चर्चची घंटा बंद असते, लाकडी खटखट वाजवतात, मिस्सा होत नाही, वेदीवर कापडसुद्धा नसतं. म्हणजे असा रिकामा दिवस चर्चने स्वतःच कॅलेंडरमध्ये ठेवलाय, आणि त्या दिवशी लोक येतात, उलट जास्तच येतात.

एक मात्र वेगळं धरा. झोप नाही, जेवण जात नाही, जगूच नये असं वाटतंय, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय तर तो विश्वासाचा प्रश्न समजून नुसता नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करत बसू नका. डॉक्टर गाठा, बांबोळीला सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फिरवा, फुकट आहे. नोव्हेना सोबत चालू दे, फादर काही बोलणार नाहीत.