ओहोटीचा वास आणि गिऱ्हा

रेवदंड्याच्या पुलावर एसटी आली आणि ओहोटी असली, की कोणीतरी नाकाला पदर लावतंच. "शी! भराव टाकून बुजवून टाकायला हवं हे कांदळवन." मला मात्र तो नासक्या अंड्यांचा वास आला की बरं वाटतं. तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि तो येतोय म्हणजे चिखलात समुद्राचं मीठ आपलं काम करतंय.

कांदळवनाचा कार्बन म्हटलं की आपण झाडाच्या खोडाकडे बघतो. खरा साठा पायाखालच्या चिखलात असतो. तिवर, चिपी या कांदळवनातल्या झाडांची मुळं नि पानं त्यात गाडली जातात. हवा तिथे काही मिलिमीटरच शिरते. म्हणून तर तिवराची मुळं श्वासासाठी पेन्सिलींसारखी वर येतात.

मग खालचे जिवाणू जगतात कसे? श्वसन म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन कोणाच्या तरी गळ्यात मारणं. आपण ते ऑक्सिजनच्या मारतो. चिखलात ऑक्सिजन नाही, पण समुद्राच्या मिठातलं सल्फेट आहे; ते असं वापरलं की त्याचाच तो वासाचा हायड्रोजन सल्फाइड होतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ७-८ मिलिग्रॅम, सल्फेट सुमारे २,७०० मिलिग्रॅम! सल्फेटवर जगणारे जिवाणू कुजण्यातून सुटणारं हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट इतकं चाटूनपुसून खातात, की मिथेन वायू बनवणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजीवांना उरतं ते त्यांच्या जगण्याच्या मर्यादेखालचं. मिथेन अगदीच बनत नाही असं नाही. मिथिलअमाइनसारखी काही संयुगं सल्फेटवाले फारशी खात नाहीत, त्यावर मिथेनवाल्यांची थोडीफार चूल पेटते. पण बाकी स्वयंपाकघर सल्फेटवाल्यांच्या ताब्यात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणून ही भांडणं आपल्या कामाची.

आता बांध घाला आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बंद ठेवा. भरती आत येत नाही, जुलैचा पाऊस साचतो, सल्फेट पातळ होत संपत जातं आणि मिथेनवाल्यांचं राज्य येतं. अशा साचलेल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, काठी खुपसा, बुडबुडे येतात. लहानपणी आम्हाला सांगत, तिथे गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, राहतो, जवळ जाऊ नका. पाण्यात बुडायची भीती खरी, गिऱ्हा नाही. बुडबुड्यांतला गॅस मुख्यतः मिथेनच.

उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. हवा खोल शिरते, कित्येक वर्षांचा कार्बन हवेत जातो. शिवाय चिखलातल्या पायराइटपासून, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजापासून, गंधकाम्ल तयार होतं. म्हणून भराव टाकून दुसरीकडे चार रोपं लावून 'कार्बन भरून काढला' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. रोप लावता येतं, चिखल नाही.

पेणकडच्या खारजमिनींत बांधाला खांड गेली की भरतीचं पाणी भातात शिरतं. शेतकऱ्याचं पीक जातं. त्याला हे मिथेनचं गणित सांगायला जाऊ नये. खांड बुजवली नाही तर काही वर्षांत तिथे तिवर उगवतात, आणि ओहोटीला पुन्हा तोच वास यायला लागतो.