कृष्णविवरात सोडलेला दोर

ब्राउनची हालचाल, म्हणजे पाण्यातल्या बारीक कणांची न थांबणारी थरथर, शिकवताना आमच्या यवतमाळकडच्या एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, पाणी त्या कणाले अडवते ना, मंग तो थकून थांबत काऊन नाई?" प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे आणि याचं उत्तर थेट कृष्णविवरापर्यंत जातं.

1827 मध्ये रॉबर्ट ब्राउनला मायक्रोस्कोपखाली दिसलं की परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात सारखे थरथरत राहतात. 1905 मध्ये आईन्स्टाईनने सांगितलं की हे पाण्याच्या रेणूंचे धक्के आहेत, पण त्या पेपरमधली खरी भारी गोष्ट पुढं आहे: कण ढकलला तर त्याला अडवणारे रेणू तेच आणि उभ्या कणाला हलवणारेही तेच, म्हणजे घर्षण जेवढी एनर्जी काढून घेतं तेवढी धक्के परत देतात, म्हणून तो थांबत नाही. तापमान आणि घर्षण माहीत असलं की थरथर किती ते गणितानं निघतं. ज्याँ पेरँने प्रयोगातून हे पक्कं केलं, 1926 चं नोबेल मिळालं.

आता पाण्याच्या जागी क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) आणि ग्लुऑन (त्यांना बांधून ठेवणारे कण) यांचं द्रव घ्या. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या आणि जिनिव्हाजवळ सर्नच्या प्रयोगशाळेत जड अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवून ते क्षणभर तयार करतात, तापमान साधारण 4 लाख कोटी अंश, आपण चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या 47 नेच हैराण होतो. यात एखादा चार्म क्वार्क (क्वार्कचाच एक जड प्रकार) सापडला तर त्याला किती अडवणूक होते? इथं कणांमधलं बल इतकं जोरदार असतं की नेहमीची गणितं टिकत नाहीत.

मग 1997 मध्ये हुआन माल्दासेना यांनी एक वेगळीच वाट दाखवली. अशा जोरदार बलाच्या काही सिद्धांतांचं गणित एक मिती जास्त असलेल्या जगातल्या गुरुत्वाकर्षणात मांडता येतं, आणि तिथं गरम द्रव म्हणजे एक कृष्णविवर, दोघांचं तापमान एकच! (हे आकाशातलं कृष्णविवर नव्हे, त्या जास्तीच्या मितीतलं.) आपला क्वार्क म्हणजे वरून कृष्णविवरापर्यंत लोंबणाऱ्या तारेचं टोक.

खोल विहिरीत दोर सोडून काठानं चालत गेलं तर दोर मागं तिरका राहतो आणि हाताला ओढ बसते, तसंच इथं होतं: क्वार्क पुढं ओढला की तार मागं वाकते, तिच्यातून एनर्जी खाली वाहत जाते आणि क्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या कृष्णविवराच्या सीमेच्या, आत गडप होते. हेच घर्षण. 2006 मध्ये हर्झॉग, कार्च वगैरे मंडळींनी आणि वेगळं काम करून गब्सरने हे गणित केलं.

पण क्षितिजात गेलेलं तर परत येत नाही, मग थरथर कुठून येणार? इथं हॉकिंग मदतीला येतात. 1974 मध्ये त्यांनी दाखवलं होतं की क्वांटम नियम लावले तर कृष्णविवर पूर्ण काळं नसतं, त्याला तापमान असतं, त्यातून किरणोत्सर्ग निघतो. तोच परिणाम तारेवरही होतो, क्षितिजाजवळ तारेत बारीक लहरी उठतात, वर चढत येतात आणि टोकाचा क्वार्क थरथरायला लागतो. 2008-09 च्या सुमारास डी बोअर, ह्युबेनी, रंगमणी आणि शिगेमोरी यांनी, आणि तिकडे सॉन व टीनी यांनी हे तपशीलात मांडलं, आणि संथ, जड क्वार्कसाठी ओढ आणि थरथर यांचं नातं बरोब्बर आईन्स्टाईनचंच निघालं. मला तर यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं, कारण तारेच्या गणितात पाण्याचा एकही रेणू नाही, फक्त वाकलेलं अवकाश आहे, तरी हिशोब तोच.

मात्र ज्या सिद्धांतावर हे गणित केलं तो आपल्या खऱ्या क्वार्कच्या सिद्धांताचा जास्त सममित असा भाऊबंद आहे, तोच नव्हे, त्यामुळं आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. तरी ब्रुकहेवन आणि सर्नच्या मोजमापांत जड चार्म क्वार्कसुद्धा त्या द्रवाच्या प्रवाहासोबत वाहत जाताना दिसलेत, म्हणजे अडवणूक खरंच जबरदस्त आहे, आणि तारेचं गणितही तशीच जबरदस्त अडवणूक सांगतं.